प्रतिबिंबाला हयातीचा दाखला

मनुष्यजातीच्या इतिहासात युगं दोनच. पहिल्या युगात माणसाने भिंती बांधल्या आणि दुसऱ्या युगात भिंती माणसं ओळखू लागल्या. हे दुसरं युग सन २०४२ च्या सप्टेंबरात नाशिकरोडच्या स्नेहवर्धन सोसायटीत, ब विंगेच्या तिसऱ्या मजल्यावर अवतरलं. अवतरायचं कारण एवढंच, की शिरीष ठोसर यांना संडासात रेंज येत नव्हती.

तशी ती घरात कुठेच धड येत नव्हती. जुनी इमारत पाडून बिल्डरने तिथेच नवी उभी केली होती आणि ठोसर राहायला येऊन जेमतेम महिना झाला होता. भिंतींच्या पोटात पोलादाची जाळी, खिडक्यांच्या काचांवर ऊन अडवणारा धातूचा पातळ थर. ऊन व्यवस्थित आत यायचं, वायफाय अडायचं. शिरीषराव बहात्तर वर्षांचे, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. लोकांच्या शेतांच्या हद्दी ठरवण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस स्वस्थ बसणार नव्हता. त्यांनी दोन दिवसांत फ्लॅटचा नकाशा काढला. जिथे रेंज येते त्या फरशा हिरव्या, येत नाही त्या लाल. नकाशा पुरा झाला तेव्हा लाल पेन्सिल संपली होती आणि हिरवीला टोक काढायची गरजही पडली नव्हती.

फ्लॅटमध्ये आणखी एक व्यक्ती राहत होती. तिला शिरीषराव ‘लोक’ म्हणत.

लोक म्हणजे विद्याधर ठोसर, वय एकोणसत्तर, शिरीषरावांचे सख्खे धाकटे भाऊ. विद्याधरही मोजणी खात्यातच होते, तिथे नकाशे काढायचे. उंची तीच, मिशी तीच, आणि चालताना डावा गुडघा आत घेऊन पाऊल टाकायची लकबही तीच. लहानपणी दोघे एकाच सायकलवरून डबलसीट जाताना गटारात पडले होते आणि दोघांचा तोच गुडघा दुखावला होता.

अकरा वर्षांपूर्वी विद्याधर निवृत्त झाले. निरोप समारंभात वडील बंधू म्हणून शिरीषरावांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, “विदूने जन्मभर माझी नक्कल केली. मी केलं तेच त्याने केलं, फक्त तीन वर्षं उशिरा. मी निवृत्त झालो, म्हणून आज हा होतोय.” मंडप हसला. हार गळ्यात असलेला माणूस हसला नाही. त्या संध्याकाळी अबोला धरला गेला. तो कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा जास्त वर्षं चालला.

शिरीषराव विधुर, विद्याधर अविवाहित. जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या दोघांच्या नावावर, त्यामुळे नव्या इमारतीतला फ्लॅटही दोघांच्या नावावर आला. एकाने दुसरीकडे राहायला जावं हे कुणालाही सुचलं असतं. पण दोघांनी जमिनीच्या ताब्याची भांडणं आयुष्यभर जवळून पाहिली होती. जो बाहेर पडला तो गेला, हे त्यांना पाठ होतं. म्हणून दोघे एकाच घरात असे राहायचे, की एकमेकांचं तोंड दिसू नये. एकाचा खोकला स्वयंपाकघरात ऐकू आला, की दुसरा हॉलमध्ये. एक हॉलमध्ये आला, की दुसरा आपल्या खोलीत. अकरा वर्षांच्या सरावाने त्यात घड्याळाची सफाई आली होती.

अगदीच काही सांगायचं असलं, तर ते भिंतीला सांगायचं. “काही लोकांनी दूध उतू घालवलंय,” शिरीषराव भिंतीला म्हणायचे. “दूध ठेवलं कुणी ते आधी बघा,” विद्याधर दुसऱ्या भिंतीला म्हणायचे. भिंती तोपर्यंत गप्प असायच्या.

रेंज सुधारून देणाऱ्या निर्वेध कंपनीच्या घोलपबाई आल्या, तेव्हा त्यांच्या एका खांद्यावर घडीची शिडी आणि दुसऱ्या खांद्यावर लेपाचे डबे होते. पन्नाशीच्या बाई, बोलायला सरळ. नकाशा पाहून म्हणाल्या, “काका, इतकं काम तर आमचा इंजिनिअर पण करत नाही.”

“त्यांना हद्द म्हणजे काय कळत नसेल,” शिरीषराव म्हणाले.

बाईंनी भिंतींना लहरलेप लावला आणि लावता लावता समजावून सांगितलं. वायफायची लहर ही उजेडाचीच बहीण, फक्त डोळ्यांना न दिसणारी. या लेपात नखाएवढे तांब्याचे हजारो चौकोन असतात. येणारी लहर प्रत्येक चौकोन किंचित थांबवून परत सोडतो. कुणी किती थांबवायची हे ठरवलं, की जागची न हलता अख्खी भिंत आरशासारखी वळते आणि लहर नेमकी हवी तिथे फेकते. उगाच सगळ्या घरात शिंपडायची नाही, जिथे माणूस बसलाय तिथेच पोचवायची.

“आणि माणूस कुठे बसलाय ते भिंतीला कसं कळणार? कॅमेरा आहे का?”

“कॅमेरा नाही काका. भिंत बघत नाही, चाचपते. माणूस म्हणजे पाण्याची पिशवी. लहर त्याच्यावर आपटून परत येते. श्वास घेताना छाती चार-पाच मिलिमीटर हलते, तेवढं तिला पुरतं. चालण्यावरून तर नावानिशी ओळखते. तुमचा पंखा, दिवे सगळं आता तीच बघेल. फक्त एकदा घरभर चालून दाखवा, एकेकाने. म्हणजे नोंद होईल.”

शिरीषराव खुर्चीत टेकून बसले. “लोकांना आधी चालू द्या. आमचं काय, आम्ही थोरले. मागून येतो.”

औदार्याचं असं वाक्य शिरीषरावांच्या तोंडून क्वचित निघायचं आणि निघालं की महागात पडायचं. विद्याधर आधी चालले. भिंतीतून बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात आलं, “नमस्कार, विद्याधरराव. आपली नोंद झाली.” ते आपल्या खोलीत गेले, दार लागलं, मग शिरीषराव उठून चालले. तीच उंची, तोच गुडघा.

“ही नोंद झालेली आहे,” भिंत म्हणाली.

“झाली ना नोंद. बास,” घोलपबाई शिडीची घडी घालत म्हणाल्या. त्यांना पुढे सातपूरला जायचं होतं.

पहिले दोन दिवस संडासातसुद्धा अशी रेंज आली, की शिरीषराव बाहेर यायला तयार नसत. तिसऱ्या दिवशी ते आपल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते आणि पंखा बंद झाला. त्यांनी हात हलवला. दिवाही गेला.

“अहो, मी आहे इथे,” ते भिंतीला म्हणाले.

“विद्याधरराव हॉलमध्ये आहेत,” भिंत म्हणाली. “या खोलीत कोणी नाही.”

“मग हे बोलतंय कोण?”

भिंतीने थोडा विचार केला. “आवाज हॉलमधून परावर्तित होत असावा.”

दुपारी कुरिअरवाला आला. विद्याधर बाजारात गेले होते. शिरीषराव दारापर्यंत पोचायच्या आत दाराच्या चौकटीतूनच भिंत बोलली, “विद्याधरराव बाहेर गेले आहेत. घरात कोणी नाही.” दार उघडून बहात्तर वर्षांचा माणूस उभा, हातात चष्मा, मागे टीव्ही चालू. कुरिअरवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि पार्सल परत पिशवीत टाकलं.

“मी देतो ना सही,” शिरीषराव म्हणाले.

“घर नाही म्हणतंय काका. उद्या मला साहेब विचारतील, कुणाला दिलंस.”

घोलपबाईंना फोन लागला तो आठवड्याने. त्यांनी दुरून तपासलं.

“काका, तुम्ही कधी सलूनमध्ये बसलात का, समोर आरसा आणि मागे पण आरसा?”

“बसलोय.”

“आपल्यामागे आपण, त्याच्यामागे आपण, अशी रांग दिसते. लहरींचं तेच होतं. माणसावरून आपटलेली लहर भिंतीवर जाते, तिथून परत येते, आणि यंत्राला वाटतं पलीकडे आणखी एक माणूस आहे. त्याला प्रतिबिंब म्हणायचं. ते ओळखून गाळायचं, नाहीतर रिकाम्या खोलीला रेंज देत बसेल. एकदा गाळलं, की मूळ माणूस घरात नसला तरी गाळलेलंच राहतं. मग यंत्र बघतं, की हा दुसरा पहिल्यासारखाच चालतो का, त्याच्याइतकाच उंच आहे का. हा डावीकडे गेला की तो उजवीकडे जातो का. दोघे कधी एका खोलीत येतात का. काका, तुम्ही दोघं इतक्या दिवसांत एकदाही एका खोलीत आला नाहीत?”

“दिवस कसले घेऊन बसलात.”

“मग ती तरी काय करणार बिचारी.”

“पण प्रतिबिंब मी का? लोक का नाही? मी थोरला आहे.”

“तुमची खोली लिफ्टला लागून आहे. लिफ्टच्या लोखंडाने तुमच्याकडून येणारी लहर अशक्त होते. अशक्त असतं ते प्रतिबिंब.”

लिफ्टकडची खोली दोन वीत मोठी होती आणि ती शिरीषरावांनी थोरलेपणाच्या हक्काने घेतली होती.

हे सगळं विद्याधरांना कसं कळलं, ते सांगायला नको. फोन मोठ्याने बोलायची सवय दोघांनाही होती. त्या दिवसापासून ते कमालीचे प्रसन्न दिसू लागले. शिरीषराव खोकले, की पलीकडच्या खोलीतून अर्ध्या सेकंदाने तसाच खोकला यायचा. शिरीषरावांनी चप्पल ओढत चालायला सुरुवात केली, तर पलीकडे चप्पल ओढली जायची. जन्मात पहिल्यांदाच विद्याधर खरोखर नक्कल करत होते, आणि नक्कल ठरत होते शिरीषराव.

“भिंतबाई,” विद्याधर संध्याकाळी हॉलमध्ये म्हणायचे, “माझं प्रतिबिंब काय करतंय?”

“आपल्यासारखंच बसलं आहे, विद्याधरराव.”

“बसू दे. त्याला काय काम आहे.”

शिरीषरावांनी आधी चाल बदलून पाहिली. डाव्याऐवजी उजवा गुडघा आत घ्यायचा, पाऊल लांब टाकायचं, अधूनमधून एक उडी. भिंत फसली. “नमस्कार, पाहुणे,” ती म्हणाली, आणि पाहुण्यांसाठी असलेली दोन तासांची रेंज त्यांना मिळाली, पंखाही मिळाला. दीड तासात उजवा गुडघा सुजला. उरलेला अर्धा तास ते स्वतःच्या घरात पाहुणे म्हणून शेकत बसले, आणि मग पंखा बंद झाला.

हे असंच चाललं असतं. पंख्यावाचून माणूस जगतो. हातपंखा घेऊन शिरीषराव जगत होते. पण नोव्हेंबर आला, आणि नोव्हेंबरात नुसतं जगून भागत नाही, जगतोय याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभी राहायची, अंगठा लावायची. आता लहरलेप लावला, की हयातीचा दाखला घरच देत असे. भिंत महिनाभर श्वास मोजायची आणि शेवटच्या आठवड्यात आपोआप कळवायची, की सदर इसम हयात आहे. पंचवीस तारखेला शिरीषरावांच्या फोनवर निरोप आला. ‘सदर पत्त्यावर एक व्यक्ती हयात आहे: ठोसर विद्याधर. ठोसर शिरीष यांची हयात आढळली नाही. तीस तारखेला सायंकाळी पाचपर्यंत न आढळल्यास नाव कमी करण्यात येईल.’

शिरीषराव सव्वीसला सकाळी पेन्शनच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी त्यांना पाणी दिलं. चांगला माणूस होता.

“मी इथे उभा आहे,” शिरीषराव म्हणाले. “तुम्हाला दिसतोय ना?”

“स्पष्ट दिसताय काका.”

“मग लिहा तसं.”

“मला दिसून काय उपयोग? माझ्याकडे तसा रकाना नाही. घर काय म्हणतंय?”

“घर म्हणतंय मी प्रतिबिंब आहे.”

गृहस्थांनी यंत्रात काहीतरी वाचलं आणि मान हलवली. “सोपं आहे मग. मूळ माणसाला घेऊन या.”

परतताना बसमध्ये शिरीषरावांनी खिडकीच्या काचेत स्वतःकडे पाहिलं. मिशी विद्याधरची होती. आधी असं कधी वाटलं नव्हतं; आधी विद्याधरची मिशी त्यांची होती. बहात्तर वर्षं ते एका गोष्टीवर ताठ उभे होते, की आपण पहिले. सरकारदरबारी ती गोष्ट तीस तारखेला पाच वाजता संपणार होती.

घोलपबाई एकोणतीसला स्वतः आल्या. कंपनी अडचणीत आली होती. सोळाशे घरांत लेप लावला, असा घोटाळा एकाही घरात नव्हता. “सोळाशे घरांत भांडणं असतील की,” शिरीषराव म्हणाले.

“भांडणं आहेत. पण भांडायला माणसं समोरासमोर येतात हो.” बाईंनी हॉलमध्ये बैठक मारली. विद्याधरांनी आपल्या खोलीचं दार किलकिलं ठेवलं होतं. “ऐका. नोंद हाताने बदलता येत नाही, कायदा आहे तसा. नाहीतर कुणीही मेलेल्यांना हयात दाखवेल. भिंतीची स्वतःची खात्री पटली पाहिजे. आणि तिची खात्री पटते ती एकाच गोष्टीने. प्रतिबिंब कधीही मूळ माणसाला आडवं जात नाही. आरशातला तुम्ही तुमच्या आणि आरशाच्या मध्ये येऊन उभा राहू शकत नाही. पण खरा माणूस दुसऱ्याच्या पुढे आला, की मागच्याचा श्वास झाकला जातो. तो बाजूला झाला, की परत दिसतो. असं सलग दहा मिनिटं झालं, की भिंतीला मानावंच लागतं, इथे दोघं आहेत.”

“म्हणजे करायचं काय?”

“तुम्ही दोघांनी एकमेकांना आडवं यायचं.”

वडिलांच्या तेराव्याला, जागेच्या कागदांच्या वेळी, बढतीच्या वेळी, शिरीषरावांनी नातेवाइकांना एकच वाक्य ऐकवलं होतं: लोक मला आयुष्यभर आडवे आले. तेच वाक्य विद्याधरांनीही त्याच नातेवाइकांना ऐकवलं होतं. आता विज्ञानाला नेमकं तेच हवं होतं आणि ते दोघांपैकी कुणीही कधी केलेलं नव्हतं.

“तुम्हीच सांगा लोकांना,” ते म्हणाले.

घोलपबाई किलकिल्या दाराशी गेल्या. “काका, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. बाहेर येता का?”

“बाई,” आतून विद्याधर म्हणाले, “आमच्याकडे प्रतिबिंबांशी व्यवहार करायची पद्धत नाही.”

“त्यांचं नाव कमी होईल हो उद्या.”

“होऊ द्या. मी करेन त्यांची नक्कल. तीन वर्षांनी मीही जाईन.”

दार लागलं. घोलपबाईंनी शिरीषरावांकडे पाहिलं. शिरीषराव जमिनीकडे पाहत होते. “मंडपात हसले होते सगळे,” ते कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाले. “विनोद होता तो.”

तीस तारखेला शिरीषरावांनी पुन्हा नकाशा काढला. या वेळी रेंजचा नव्हे, विद्याधरचा. मोजणी खात्याने त्यांना एवढं शिकवलं होतं, की माणूस कितीही चुकवू दे, पाणी जिथून वाहतं तिथून त्याला जावंच लागतं. विद्याधर चार वाजून दहा मिनिटांनी चहा घेत. चार पंचवीसला, मोबाइल हातात घेऊन, संडासात जात. त्यात अकरा वर्षांत फरक पडला नव्हता. संडास पॅसेजच्या टोकाला होता. पॅसेज तीन फूट रुंद होता. शिरीषरावांनी तो टेपने मोजून खात्री करून घेतली.

चार चोवीसला ते पॅसेजमध्ये जाऊन उभे राहिले.

विद्याधर आले, थबकले आणि सवयीने मागे वळले. मग तसेच पुन्हा फिरले. चहा आपलं काम करत होता.

“भिंतबाई,” ते छताकडे बघून म्हणाले, “वाटेत काहीतरी आहे.”

“वाटेत आपलं प्रतिबिंब आहे, विद्याधरराव. आपण त्यातून खुशाल जाऊ शकता.”

विद्याधर गेले. छातीवर छाती आपटली. शिरीषरावांतून जाता येत नव्हतं. विद्याधर डावीकडून निघाले, शिरीषराव डावीकडे सरकले. विद्याधर उजवीकडे, शिरीषराव उजवीकडे. दोन म्हातारे, दोन डावे गुडघे, तीन फूट.

“मोजमापात अनियमितता आढळते,” भिंत म्हणाली. “तपासणी सुरू आहे.”

“भिंतबाई, काही लोक आयुष्यभर वाट अडवून उभे राहिले,” विद्याधर म्हणाले. “शाळेत मास्तर नाव विचारायचे. ठोसर म्हटलं की म्हणायचे, शिरीषचा भाऊ का? मला नाव होतं, भिंतबाई. कुणी विचारलंच नाही.”

“भिंतबाई, त्यांना सांगा, वाट आम्ही काढली. लोक मागून चालत आले आणि वर तक्रार करतात, पुढे पाठच दिसते.”

“खात्यात मी गेलो, कारण घरात सांगितलं, शिरीष गेलाय ना, तूही जा. मला गॅरेज काढायचं होतं. हे भिंतीला माहीत नसेल. कुणालाच माहीत नाही.”

हे शिरीषरावांनाही माहीत नव्हतं. पण ही वेळ नव्हती. विद्याधर वाकून काखेखालून जायला बघत होते. त्यांनी कोपर खाली आणलं.

“सहा मिनिटं,” भिंत म्हणाली. “कृपया चालू ठेवा.”

“गॅरेज,” शिरीषराव भिंतीला म्हणाले. “लोकांना साधी सायकल धड येत नव्हती. सायकल आम्ही चालवत होतो, लोक मागे कॅरिअरवर बसले होते, आणि आमच्यामुळे पडले म्हणून जन्मभर आमच्यासारखं लंगडले.”

विद्याधर हलायचे थांबले. चहाचंही भान राहिलं नाही त्यांना.

“सायकल कोण चालवत होतं, ते भिंतीला खरं सांगा,” ते हळू म्हणाले. “पुढे मी होतो. अकरा वर्षांचा. हे मागे होते, कारण यांना सायकल येत नव्हती. चौदाव्या वर्षी. पुढच्या उन्हाळ्यात माझं बघून शिकले. आणि गटाराजवळ मागून ‘डावीकडे घे, डावीकडे घे’ कोण ओरडलं? गटार डावीकडे होतं.”

शिरीषराव काही बोलायला गेले आणि त्यांना एक शर्ट आठवला. निळ्या रेघांचा, पाठीवर ठिगळ. तो शर्ट त्यांच्या नाकासमोर होता, वाऱ्याने फुगलेला. अठ्ठावन्न वर्षं ते ही गोष्ट सांगत आले होते आणि अठ्ठावन्न वर्षं तो शर्ट नाकासमोर होता. आपण पुढे बसलो होतो, तर समोर पाठ कुणाची, हे त्यांनी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

त्यांना भयंकर राग आला. नेमका कुणाचा, ते कळायला वेळ नव्हता.

“मग तू ऐकलंस कशाला माझं?” ते ओरडले.

अकरा वर्षांत या दोघांमध्ये ‘तू’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला होता.

विद्याधरांच्या चेहऱ्यावर सावकाश समाधान पसरलं. “भिंतबाई,” ते म्हणाले, “नोंद करा. आधी लोक बोलले.”

“दहा मिनिटं पूर्ण,” भिंत म्हणाली. “या घरात दोन व्यक्ती आढळल्या. गैरसोयीबद्दल दिलगिरी. नमस्कार, शिरीषराव. आपली हयात चार वाजून सदतीस मिनिटांनी कळवण्यात आली आहे.”

शिरीषरावांच्या खोलीतला पंखा आपोआप सुरू झाला, आत कुणी नसताना, केवळ सन्मानार्थ. ते भिंतीला टेकले. तेवढ्या फटीतून विद्याधर विजेसारखे निसटले आणि संडासाची कडी लागली.

शिरीषराव बंद दारासमोर उभे राहिले. समोर दार असलं, की बोलणं सोपं जातं.

“ऐक,” ते म्हणाले. “आधी बोललो, मान्य. हरलो म्हण हवं तर. पण मी माफी मागायला उभा नाहीये. सायकल तू चालवत होतास, ठीक आहे. सांगितलं का नाहीस इतकी वर्षं? मी सगळ्या गावाला खोटं सांगत फिरलो आणि तू मागे उभा राहून ऐकत होतास. गॅरेज काढायचं होतं, तर काढायचंस. मी तुझी वाट अडवली नाही, विदू. तू माझ्यामागे उभा राहिलास आणि वाट अडली म्हणालास. आई गेली तेव्हा तू एका खोलीत बसलास आणि मी दुसऱ्या. तेव्हा भिंतीला कळलं असतं, तर तिनेही आपल्याला एकच धरलं असतं. आणि तो मंडपातला विनोद. तो विनोद मी घरी चार दिवस पाठ केला होता. मंडप हसला, म्हणून मला वाटलं चांगला आहे. अकरा वर्षं मी रोज सकाळी तुझा खोकला ऐकून उठलो. आज माझं नाव कमी झालं असतं, तर तुला वाईट वाटलं असतं की नसतं, एवढंच मला कळायला पाहिजे. नसतं वाटलं तरी सांग. मी आता नोंदलेला माणूस आहे, ऐकून घेईन.”

ते थांबले. त्यांना दम लागला होता. भिंत त्यांचा श्वास मोजत असणार, आणि आतला श्वासही. आतून पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

“दादा,” आतून आवाज आला.

“बोल.”

“जरा दारासमोरून सरक. रेंज येत नाहीये.”